वडी सोयाची, वाटण मालवणी

लालबाग-परळच्या घरांत मांसाहाराचे एक ठरलेले वेळापत्रक असते. बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे वशाटाचे वार. सोमवार, गुरुवार, शनिवार बहुतेक घरांत पाळायचे. त्यात संकष्टी आणि एकादशी येते, मार्गशीर्षातले गुरुवार येतात, नवरात्र येते. सगळ्यांत मोठा खंड श्रावणाचा. आषाढी अमावास्येला, म्हणजे गटारीला, मटणाच्या दुकानांपुढे रांगा लागतात आणि दुसऱ्या दिवसापासून तवे-कढया शाकाहारी होतात. पुढे भाद्रपदात गणपती येतात. ज्यांच्या घरी मूर्ती बसते, त्यांचा हा पाळणूक-काळ विसर्जनापर्यंत लांबतो.

या काळात काय रांधायचे, याचे उत्तर कोकणातून आलेल्या माणसांनी फार पूर्वीच शोधून ठेवले होते. वडे-सागोतीतली सागोती बंद झाली की वड्यांबरोबर काळ्या वाटाण्याचे सांबारे होते. ओल्या काजूची उसळ होती, कोवळ्या फणसाची भाजी होती, पावसाळ्यात अळंबी होती. सीकेपी घरांत वालाचे बिरडे होते. या सगळ्या पदार्थांत वाटण तेच, मसाला तोच, फक्त कढईत पडणारी वस्तू वेगळी. गेल्या काही दशकांत या यादीत आणखी एक वस्तू दाखल झाली, ती म्हणजे वाण्याकडे मिळणारी सोयाबीनची वडी आणि तिचा चुरा. लालबागमध्ये ती पाळणुकीच्या दिवसांत रस्सा-खिम्याची गरज भागवते. गिरगावात आणि दादरमध्ये जी घरे पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी आहेत, तिथे ती मुलांच्या डब्यात प्रथिने जावीत म्हणून येते.

तरीही ही वडी पुष्कळ घरांत नावडती आहे. ‘वास येतो’, ‘रबरासारखी लागते’, ‘आतून फिकी राहते’ या तिच्याविषयीच्या तीन नेहमीच्या तक्रारी. तिन्ही खऱ्या आहेत आणि तिन्ही दूर होऊ शकतात. त्यासाठी एक गोष्ट समजून घ्यावी लागते: वडीला मटण समजून रांधले तर ती बिघडते. ती काय आहे, कशी बनली आणि तिच्यात कशाची उणीव आहे, हे ओळखून रांधले तर मालवणी वाटणाला तिच्यासारखा सोबती नाही.

पेंडीपासून वडीपर्यंत

सोयाबीनच्या दाण्यात साधारण 40 टक्के प्रथिने आणि 20 टक्के तेल असते. इतकी प्रथिने आपल्या तूर, मूग, हरभऱ्यात नसतात. कारखान्यात आधी दाण्यांचे पोहे करतात आणि द्रावक वापरून त्यांतले तेल काढून घेतात. मागे उरते ती पेंड. तेल गेल्यामुळे तिच्यातल्या प्रथिनांचे प्रमाण वाढून पन्नास टक्क्यांच्या आसपास जाते. माणसाच्या खाण्यासाठी ही पेंड वेगळ्या काळजीने तयार करून दळतात आणि त्या पिठापासून वडी होते.

पिठात पाणी मिसळून ते एका लांब नळीतून, फिरत्या मळसूत्राने, मोठ्या दाबाखाली पुढे ढकलले जाते. आतले तापमान शंभर अंशांच्या बरेच वर असते. एवढ्या उष्णतेत आणि दाबात प्रथिनांच्या गुंडाळ्या उलगडतात आणि प्रवाहाच्या दिशेने एकमेकींना चिकटून तंतू तयार होतात. नळीच्या तोंडातून पीठ बाहेर पडताच दाब एकदम उतरतो, आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि तुकडा फुगतो. म्हणून वाळलेल्या वडीत तंतूही असतात आणि असंख्य पोकळ्याही. अमेरिकेतल्या आर्चर डॅनियल्स मिडलँड या कंपनीने 1960 च्या दशकात ही पद्धत विकसित केली आणि 1970 मध्ये विल्यम अॅटकिन्सन यांच्या नावे तिचे पेटंट निघाले. आज आपल्याकडे मिळणारी वडी याच पद्धतीने बनते.

भारतात सोयाबीनचे पीक मोठ्या प्रमाणावर घेतले जाऊ लागले तेही त्याच सुमारास. जबलपूर आणि पंतनगर इथल्या कृषी विद्यापीठांनी इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने 1960 च्या दशकात त्याच्या लागवडीचे काम हाती घेतले. पुढे मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र ही देशातली सोयाबीनची सर्वांत मोठी राज्ये झाली. मराठवाड्यात आणि विदर्भात खरिपाचे अर्थकारण आज बऱ्याच अंशी या पिकावर चालते, लातूरची बाजारपेठ त्यासाठी ओळखली जाते. या सोयाबीनच्या पेंडीचा फार मोठा भाग कोंबड्यांच्या खाद्यात जातो. म्हणजे मराठवाड्याचे सोयाबीन मुंबईकराच्या ताटात दोन वाटांनी पोहोचते, एक कोंबडीच्या पोटातून आणि दुसरी थेट वडीतून. दुसरी वाट जवळची आहे आणि तिच्यात वाया जाणारे फार थोडे आहे.

वर्धा आणि बडोदे

पीक नवे असले तरी सोयाबीन स्वयंपाकघरात आणण्याचा मराठी मुलखातला प्रयत्न याहून जुना आहे. 1935 मध्ये महात्मा गांधी वर्ध्याच्या मगनवाडीत राहत होते. गरिबाला परवडतील अशी प्रथिने कुठून मिळवायची, हा त्यांचा त्या काळातला ध्यास होता. मगनवाडीतल्या मंडळींच्या रोजच्या जेवणात सोयाबीन ठेवून त्यांनी त्याचा प्रयोग केला आणि ‘हरिजन’मधून त्याविषयी लिहिले. त्याच वेळी सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानातही सोयाबीनचा प्रसार चालू होता. तिथले एफ. एस. काळे यांनी 1936 मध्ये सोयाबीनवर इंग्रजीत एक जाडजूड पुस्तक प्रसिद्ध केले. लागवडीपासून आहारमूल्यापर्यंत सर्व माहिती त्यात होती, आणि आपल्या चवीच्या शेकडो पाककृतीही होत्या.

तरी त्या काळात सोयाबीन घराघरांत रुजले नाही. अख्खा दाणा शिजायला हट्टी, पोटात वायू धरणारा आणि वासाला उग्र. हा वास येण्याचे कारण दाण्यातच आहे. दाणा फुटून ओला झाला की त्यातले लायपॉक्सिजिनेज नावाचे विकर तेलातल्या मेदाम्लांवर काम करू लागते आणि कच्च्या शेंगेसारखा वास देणारी हेक्झॅनालसारखी द्रव्ये तयार होतात. वडी करताना तेल निघून जाते, उष्णतेने विकर निकामी होते, त्यामुळे वास पुष्कळ कमी होतो. पण तो पूर्ण जात नाही. उरलेला वास काढणे हे घरच्या स्वयंपाकाचे काम, आणि तिथेच बहुतेक जण घाई करतात.

पहिली पंधरा मिनिटे

वडी कोमट पाण्यात बुडवून, जेमतेम मऊ झाली की रश्शात टाकणे ही सर्वांत मोठी चूक. पातेल्यात भरपूर पाणी उकळावे, त्यात मीठ घालावे आणि वडी त्यात पाच-सात मिनिटे उकळू द्यावी. मग ते पाणी फेकून द्यावे. वडी गार पाण्यात घालून दोन्ही तळव्यांमध्ये दाबून पिळावी. पहिल्या पिळण्याला पाणी फेसाळ आणि पिवळट निघते. पुन्हा गार पाण्यात घालून पुन्हा पिळावे. पाणी स्वच्छ निघेपर्यंत हे करावे, बहुधा दोन-तीन वेळा पुरते. वासाची द्रव्ये आणि वायू धरणाऱ्या काही शर्करा या पाण्याबरोबर निघून जातात. चुऱ्यालाही हेच करावे. फक्त तो उकळायचा नाही, उकळते पाणी ओतून दहा मिनिटे झाकून ठेवायचा आणि मग पातळ फडक्यात बांधून पिळायचा.

शेवटचे पिळणे कसून करावे, कारण पोकळीत पाणी राहिले तर मसाल्याला आत जागाच मिळत नाही. वडी आतून फिकी लागते ती यामुळे. पिळलेल्या वडीला लगेच आले-लसूण, हळद, तिखट, मीठ आणि दही किंवा कोकमाचे आगळ चोळून अर्धा तास ठेवावे. कोरड्या पोकळ्या हे सगळे ओढून घेतात. मोठ्या वडीचे आधी सुरीने दोन तुकडे केले तर मसाला आणखी चांगला मुरतो.

ज्याची उणीव, ते द्यावे

मटणात तीन गोष्टी असतात ज्या वडीत नाहीत. पहिली चरबी. पाकिटावरची माहिती वाचली तर वडीत स्निग्धांश शंभर ग्रॅमला एका ग्रॅमहूनही कमी दिसतो. दुसरी, हाडांभोवतीचे आणि स्नायूंतले कोलॅजेन, जे मंद आचेवर विरघळून रश्शाला दाटपणा देते. तिसरी, मांसाची स्वतःची चव, जी रश्शात उतरते. वडी रश्शाला काही देत नाही, ती फक्त घेते.

यावरून रांधण्याचा क्रमच बदलतो. मटण जितके शिजेल तितके मऊ होते, कारण त्यातले कोलॅजेन विरघळत जाते. वडी पहिल्या उकळीतच शिजलेली असते. पुढे तासभर रटरटली तरी ती मटणासारखी मऊ होत नाही, उलट ओलसर आणि लिबलिबीत होते. म्हणून रस्सा आधी पूर्ण तयार करावा आणि वडी शेवटच्या दहा-बारा मिनिटांसाठीच त्यात सोडावी. त्याआधी मुरलेली वडी गरम तेलात परतून सगळ्या बाजूंनी तांबूस करून घ्यावी. प्रथिने आणि शर्करा यांच्यातल्या ज्या क्रियेने भाजलेल्या मांसाला खमंगपणा येतो, तीच क्रिया इथेही घडते. रबरीपणाची तक्रारही इथेच सुटते, कारण बाहेरचा थर किंचित कडक झाला की दाताला धरायला काही तरी मिळते.

चरबी आणि दाटपणा देण्यासाठी आपल्याला कुठे लांब जावे लागत नाही. कांदा-खोबऱ्याचे वाटण नेमके तेच करते. सुके खोबरे तांबूस भाजले की त्याचे तेल सुटते, वाटल्यावर ते रश्शाला दाटपणा आणि तवंग देते. उभा चिरलेला कांदा काळपट तांबूस होईपर्यंत भाजला की त्याचा गोडवा आणि भाजका वास येतो. आणि मसाला तर लालबागचाच हवा. एप्रिल-मे आला की तिथल्या मसाल्याच्या बाजारात बेडगी, काश्मिरी, संकेश्वरी मिरची, धणे, बडीशेप, लवंग, दालचिनी, मिरी, दगडफूल, नागकेशर, जायपत्री सगळे निवडून घ्यायचे, भाजून घ्यायचे आणि डंकावर कुटून वर्षाचा मालवणी मसाला भरून ठेवायचा, हे मुंबईतली हजारो कुटुंबे आजही करतात. मांसाच्या रश्शाची जी आठवण आपल्या जिभेवर असते, तिचा फार मोठा भाग या मसाल्याचा आणि वाटणाचा आहे. वडी चांगली लागते ती या कारणाने.

रस्सा

चार माणसांसाठी 100 ग्रॅम वडी पुरते. भिजून तिचे वजन साधारण तिप्पट होते. आदल्या रात्री अर्धी वाटी काळे वाटाणे भिजत घालावेत आणि सकाळी मीठ घालून मऊ शिजवावेत. त्यांचे काळपट, दाट पाणी हाच या रश्शाचा पाया. मांसाच्या अळणीची, म्हणजे मांस शिजवून निघालेल्या पाण्याची, जागा ते घेते. वाटणासाठी वाटीभर किसलेले सुके खोबरे, दोन कांदे, दहा-बारा लसूण पाकळ्या, बोटभर आले, दोन चमचे धणे, चमचाभर बडीशेप, थोडी खसखस, चार मिरी आणि दोन लवंगा वेगवेगळे भाजून बारीक वाटावे. तेलात बारीक चिरलेला कांदा परतावा, दोन-तीन चमचे मालवणी मसाला घालावा, लगेच वाटण घालून तेल सुटेपर्यंत परतावे. इथे कंजूषी करू नये, तेल दिसायला हवे. मग वाटाण्याचे पाणी आणि मूठभर शिजलेले वाटाणे घालून पंधरा मिनिटे मंद उकळू द्यावे. शेवटी तांबूस परतलेली वडी आणि दोन-तीन आमसुले घालून दहा मिनिटे झाकण ठेवावे. उतरवल्यावर अर्धा तास तरी मुरू द्यावे. बरोबर वडे असतील तर उत्तम, नाही तर तांदळाची भाकरी.

खिमा-पाव आणि पॅटिस

चुऱ्याचा खिमा वडीपेक्षा जास्त जमतो, कारण खिम्यात लांब तंतूंची अपेक्षाच नसते. मुंबईच्या इराणी हॉटेलांनी खिमा-पाव शहराच्या तोंडी बसवला, त्याची चव साधणे सोपे आहे. 100 ग्रॅम चुरा वर सांगितल्याप्रमाणे पिळून घ्यावा. तीन-चार मोठे चमचे तेलात तमालपत्र, दालचिनी, दोन वेलदोडे घालून दोन मोठे कांदे तांबूस परतावेत. आले-लसूण-हिरवी मिरची यांचा ठेचा, मग दोन टोमॅटो, हळद, तिखट, धणेपूड घालून मसाला पूर्ण कोरडा होईपर्यंत परतावा. आता चुरा घालून मोठ्या आचेवर सात-आठ मिनिटे सतत हलवावे. तो आधी ओलसर असतो, मग दाणा दाणा सुटा होतो आणि तळाला किंचित धरू लागतो. ते धरलेले खरवडून त्यातच मिसळावे, सगळा खमंगपणा तिथे असतो. मटार आणि अर्धी वाटी गरम पाणी घालून एक वाफ काढावी. वरून गरम मसाला, कोथिंबीर आणि भरपूर लिंबू. लिंबाचे काम चवीपुरते नाही. सोयातले लोह शरीराला सहज घेता येत नाही, लिंबातले क जीवनसत्त्व त्याला मदत करते.

हाच खिमा थोडा जास्त कोरडा ठेवला की पॅटिसचे सारण होते. उकडलेल्या बटाट्याची पारी करून सारण भरावे, कॉर्नफ्लोअरच्या पातळ पाण्यात बुडवून रव्यात घोळवावे आणि तव्यावर तेल सोडून भाजावे. दुसऱ्या दिवशीच्या डब्यासाठी याहून सोयीचा पदार्थ क्वचितच सापडेल. उरलेल्या खिम्याचा मसालेभात होतो आणि घावनात भरून न्याहारीही होते.

वडी कुठे चालत नाही, हेही माहीत असावे. माशाची जागा ती घेऊ शकत नाही. बोंबील, कोलंबी, सोडे यांना समुद्राचा जो वास आहे तो कोणत्याही मसाल्याने आणता येत नाही, म्हणून सोयाचे तिखले किंवा कालवण करण्याच्या फंदात पडू नये. पांढऱ्या, सौम्य रश्शातही ती उघडी पडते. तिला गडद, भाजक्या वाटणाचीच संगत हवी.

ताटातला हिशेब

पाकिटावर शंभर ग्रॅममागे 52 ग्रॅम प्रथिने लिहिलेली असतात आणि मटणात साधारण 20. यावरून वडी मटणाच्या अडीचपट पौष्टिक, असे सांगितले जाते. ही तुलना चुकीची आहे, कारण 52 चा आकडा कोरड्या वडीचा आहे. भिजून तिप्पट झालेल्या वडीत शंभर ग्रॅमला सतराच्या आसपास प्रथिने उरतात, म्हणजे मटणाच्या जवळपास. हेही थोडके नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2020 च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला रोज दर किलो वजनामागे 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला सुमारे 50 ग्रॅम. माणशी 25 ग्रॅम कोरडी वडी रांधली तर त्यातले 13 ग्रॅम, म्हणजे दोन अंड्यांइतके, एका वेळच्या भाजीतून मिळतात. शरीराला बाहेरून घ्यावी लागणारी सर्व अमिनो आम्ले सोयात आहेत. शिवाय तंतुमय पदार्थ आहेत, जे मटणात अजिबात नसतात.

काही गोष्टी वडीत नाहीत. ब-12 जीवनसत्त्व नाही, ते दूध, दही, अंडी किंवा डॉक्टरांनी दिलेल्या गोळीतूनच मिळवावे लागते. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी गोळी आणि सोया यांत काही तासांचे अंतर ठेवावे, कारण सोयामुळे औषध कमी शोषले जाऊ शकते. ज्यांना सोयाची अॅलर्जी आहे त्यांनी ती टाळावीच. सोयामुळे पुरुषांच्या संप्रेरकांवर परिणाम होतो, ही भीती मात्र सोडून द्यावी. माणसांवर झालेल्या अभ्यासांचा 2021 मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात असा परिणाम दिसला नाही.

अलीकडे बाजारात गोठवलेले तयार पदार्थही आले आहेत. मूळचे लातूरचे असलेले अभिनेते रितेश देशमुख आणि त्यांच्या पत्नी, अभिनेत्री जेनेलिया देशमुख यांनी 2021 मध्ये ‘इमॅजिन मीट्स’ या नावाने वनस्पतिजन्य मांसाचे पदार्थ बाजारात आणले. उत्तरेकडची सोया चापही मुंबईत मिळते. तिच्यात सोयाच्या पिठाबरोबर गव्हाचा अंशही बराच असतो. हे पदार्थ सोयीचे आहेत, पण घेण्याआधी पाकिटावर मीठ आणि स्निग्धांश किती आहे ते पाहावे. रोजच्या स्वयंपाकाला वाण्याकडची साधी वडी स्वस्त आहे, कोरडी असल्याने डब्यात महिनोन्‌महिने टिकते आणि तिच्यात काय घालायचे हे आपल्या हातात राहते.

वडी आणि मटण यांची चव एकच आहे, असे कोणालाही पटवण्याची गरज नाही. काळ्या वाटाण्याचे सांबारे कोणी मटण म्हणून खाल्ले नाही, तरी ते टिकले, कारण ते स्वतःच्या चवीने चांगले होते. सोयाच्या वडीलाही तोच मान द्यावा. पुढच्या श्रावणात ती एकदा नीट उकळून, कसून पिळून, तेलात तांबूस करून, घरच्या वर्षभराच्या मसाल्यात रांधून पाहा. खाणाऱ्यांना आवडली, तर श्रावण संपल्यावरही आठवड्यातला एक वार तिच्यासाठी ठेवा.